शब्दांचे पूर्वसंचित : पंडिता रमाबाई आणि मराठी बायबल

बायबलमधील संज्ञांची पार्श्वभूमी समजून घेणे म्हणजे हिब्रू आणि ग्रीक शब्दांच्या मुळाशी जाणे, असे सामान्यतः मानले जाते. मराठी वाचकापुढे मात्र हा प्रश्न दुहेरी स्वरूपात उभा राहतो. मूळ संज्ञेला जसा इतिहास असतो, तसा तिच्या जागी योजलेल्या मराठी शब्दालाही असतो. आणि हा दुसरा इतिहास वाचकाच्या कानात आधीच वसलेला असल्याने अर्थनिर्णयात तोच पुष्कळदा वरचढ ठरतो.

१६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे वापरला. १८११ चा सेरामपूरचा नवा करार आणि १८४७ मध्ये पूर्ण झालेले अमेरिकन मिशनचे बायबल यांच्यासमोरही शब्दनिवडीचा पेच होताच. रूढ झालेला ‘करार’ हा शब्द पाहावा. अरबी मुळाचा हा शब्द दफ्तरी व्यवहारातून मराठीत स्थिरावला; त्यात दोन पक्षांची देवघेव सूचित होते. हिब्रू ‘बरीथ’मध्ये मात्र देवाचा पुढाकार आणि शपथेचे गांभीर्य आहे. ‘खंडणी’चे उदाहरण अधिक बोलके आहे. ग्रीक ‘लुत्रोन’ म्हणजे दासाला वा बंदिवानाला सोडविण्यासाठी दिलेले मोल. मराठी इतिहासात खंडणी बलवान वसूल करतो आणि दुर्बल स्वतःला वाचविण्यासाठी ती भरतो. दुसऱ्याच्या सुटकेसाठी स्वतःला देणे हा मूळ आशय येथे झाकोळतो. याउलट, ‘वल्हांडण’ या देशी शब्दात ओलांडून जाण्याची क्रिया जिवंत राहिल्यामुळे निर्गमाच्या कथेतील तो सण मराठी वाचकाला सहज उमगतो.

शब्दांच्या या पूर्वसंचिताची तीव्र जाणीव पंडिता रमाबाईंना होती. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्यांनीच पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मूळ भाषा अभ्यासून बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रियांना दुर्बोध आहे, आणि तिच्यातील काही शब्द हिंदू धर्मकल्पनांचे अर्थ बरोबर घेऊन येतात, असे त्यांचे आक्षेप होते. ते अज्ञानातून आलेले नव्हते. संस्कृत शब्दांचे संस्कार आतून ठाऊक असलेल्या विदुषीनेच ते घेतले होते, हे त्यांचे खरे वजन. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि शब्द असे धुऊन निर्मळ करता येतात काय? रमाबाईंनी आपल्या केडगावच्या संस्थेला दिलेले ‘मुक्ती’ हे नावच या प्रश्नाचे उत्तर देते. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा त्या शब्दाचा परंपरागत अर्थ. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या निराधार स्त्रिया आणि मुली जेथे राहिल्या, शिकल्या, छापखान्यात काम करू लागल्या, तेथे तोच शब्द उपासमारीतून, वैधव्याच्या जाचातून सुटण्याचा वाचक बनला. जुना अर्थ पुसला गेला नाही. त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला.

म्हणून संज्ञेची पार्श्वभूमी केवळ कोशात वा मूळ भाषेत शोधून भागत नाही. शब्द कोणी, कोणासाठी आणि कोणत्या जगण्यात वापरला, हेही वाचावे लागते. रमाबाईंच्या शब्दशुद्धीच्या आग्रहाशी मतभेद संभवतो. परंतु शब्दाची निवड ही धर्मचिंतनाइतकीच समाजचिंतनाचीही बाब आहे, हा त्यांच्या भाषांतराने दिलेला धडा मराठी समीक्षेने अद्याप पुरेसा गंभीरपणे घेतलेला नाही.