कुठला पाइप, कुठली रीत?

१६१०च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवली आणि पुढे नहर-ए-अंबरीतून डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, निव्वळ उतारावर गावात आणलं. तेच गाव आज छत्रपती संभाजीनगर. पाणी कमीत कमी खर्चात घरोघरी कसं न्यायचं, हा प्रश्न मात्र तसाच आहे. मी सॉफ्टवेअरवाला, मला त्यात एक जुना गणिती पेच दिसतो.

पाण्याचा दाब कितीही असू शकतो, अगदी १२.३७ मीटरसुद्धा. पाइप मात्र बाजारात ठरावीक मापांचेच मिळतात. पंप एकतर बसवायचा, नाहीतर नाही. अशी वेगवेगळ्या जातीची चलं एकत्र आली की गणित अवघड होतं. अभ्यासक ज्यावर आपल्या रीती पारखतात त्या हनोई शहराच्या नमुन्यात पाइप फक्त ३४ आणि मापं ६. तरी पर्याय होतात ६चा ३४वा घात, म्हणजे २७ अंकी संख्या!

रीती पुष्कळ निघाल्या. १९४७मध्ये डँट्झिगची सिम्प्लेक्स आली, ती सलग बदलणाऱ्या चलांसाठी. १९६०मध्ये एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी पूर्णांकांसाठी फांद्या पाडत, निरुपयोगी फांद्या छाटत जाणारी रीत मांडली. १९७५च्या पुस्तकात जॉन हॉलंडने उत्क्रांतीवरून रीत घेतली. मग यातली कुठली वापरायची?

१९७६मध्ये पैठणला जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन राइसने हा प्रश्न नेमका मांडला: आधी समस्येचे गुण मोजा, मग त्यावरून रीत निवडा. १९९७मध्ये वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी सिद्ध केलं की सगळ्या शक्य समस्यांची सरासरी काढली तर कुठलीच रीत दुसरीपेक्षा सरस नसते. थोडक्यात, निवड टळत नाही.

ही निवड माणूसही करतो. आयआयटी मुंबईत 'जलतंत्र' घडवणाऱ्यांनी पाहिलं की खेड्यातल्या नळयोजनेचं जाळं झाडासारखं फुटत जातं, वळसा घेऊन परत मिळत नाही. तेवढ्या एका गुणामुळे नेमकं उत्तर देणारी रीत वापरता आली. हनोईच्या जाळ्यात वळसे आहेत, तिथे ते इतकं सोपं नाही.

हेच काम यंत्राला शिकवता येतं. कॅनडातल्या 'सॅटझिला'ने हो-नाही प्रकारच्या कोड्यांसाठी ते करून दाखवलं आणि २००७च्या स्पर्धेत तीन सुवर्णपदकं मिळवली. पुढे मिश्र चलांच्या समस्यांकडेही हा विचार वळला.

पण असं यंत्र शिकतं ते जुन्या, सोडवलेल्या नमुन्यांवरून. पाण्याच्या प्रसिद्ध नमुन्यांत, हनोई असो की न्यूयॉर्क, पाइप कायम भरलेले धरलेत. आमच्याकडे नळाला पाणी दिवसांच्या अंतरानं येतं. पाइप रिकामे होतात, पुन्हा भरतात, आणि पाणी आलं की घरोघरी मोटारी लागतात. हे ज्यानं कधी पाहिलंच नाही, ते यंत्र आमच्यासाठी आत्मविश्वासानं चुकीची रीत निवडेल, आणि त्याचा फटका बसेल तो लाइनीच्या शेवटच्या घराला. म्हणून मला वाटतं, यंत्र किती हुशार आहे हे विचारण्याआधी ते कुणाच्या पाण्यावर शिकलं हे विचारावं. आणि आपल्या गावांची जाळी मोजून, नोंदवून त्या नमुन्यांत घालावीत. ते काम आपल्यालाच करावं लागणार आहे.