शेण चुलीत की वाफ्यात?

नागपूरच्या बाजारात येणारी अंबाडी किंवा चवळाई शेणखतातल्या नत्रावर चांगली पोसते. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या, की बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत स्फुरद आणि पालाश तेवढे उरतात. मग आपला शेतकरी शेण का जाळी? अडाणी म्हणून? १८८९ साली हिंदुस्थानात पाहणीसाठी आलेले इंग्रज रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३च्या अहवालात निराळे उत्तर दिले : सरपण मिळत नाही म्हणून! पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी थोड्या शेणाच्या जोरावर भरपूर काडीकचरा कुजवण्याची पद्धत बसवली. १९३१ साली ती पुस्तकरूपाने आली. शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याची चूल पाहावी, एवढे आपण वर्गात जरूर सांगावे.