मालोजीराव घोरपडे (मुधोळ)

श्रीमंत मालोजीराव राजे घोरपडे (जन्म: १८८४) हे ब्रिटिशकालीन मुधोळ संस्थानाचे राजे होते. मुधोळ हाउंड या शिकारी कुत्र्याच्या जातीच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय त्यांना दिले जाते.

पार्श्वभूमी

मुधोळ हे घटप्रभा नदीच्या परिसरातील गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील मराठा घोरपडे घराणे आदिलशाहीच्या सेवेत होते. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात याच घराण्यातील बाजी घोरपडे यांचा सहभाग होता. ब्रिटिश काळात मुधोळची गणना दक्षिण मराठा संस्थानांत होत असे. राजांना नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. १९०१ च्या जनगणनेनुसार संस्थानाची लोकसंख्या ६३,००१ होती. मालोजीराव त्यापूर्वीच, १९०० मध्ये, गादीवर आले.

श्वानपैदास

दख्खनमध्ये कारवानी नावाने ओळखले जाणारे हे कुत्रे वासापेक्षा नजरेने सावज हेरतात आणि वेगाने पाठलाग करून ते पकडतात. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत गेलेले पोट व आखूड केस ही त्यांची लक्षणे होत. परिसरातील शिकारी समाजाकडे असलेले हे कुत्रे मालोजीरावांच्या नजरेस आले. त्यांनी निवडक नर-माद्यांपासून पैदास करून जातीचे मूळ गुण टिकवले. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली. पुढे संस्थानाचेच नाव जातीला मिळाले.

वारसा

१९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि श्वानपैदाशीचा राजाश्रय संपला. तरीही मुधोळ तालुक्यातील शेतकरी व पशुपालक कुटुंबांनी पैदास चालू ठेवली. आज पिल्लांची विक्री हे तेथील अनेकांच्या उत्पन्नाचे साधन आहे. जातीची शुद्धता राखण्यासाठी तालुक्यातील तिम्मापूर येथे श्वान संशोधन व माहिती केंद्र चालवले जाते.

केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅरव्हॅन हाउंड’ या नावाने करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ हे नाव वापरते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवरील तिकीटमालेत या जातीचा समावेश केला. २०१६ मध्ये भारतीय लष्कराने मुधोळ कुत्री प्रशिक्षणासाठी मेरठ येथे नेली.

हेही पाहा

मुधोळ संस्थान, घोरपडे घराणे, राजापालयम, रामपूर हाउंड