आतून रंगविलेल्या मोटारी

रेडिओच्या लहरींवर दुरून हाकल्या जाणाऱ्या छोट्या मोटारींविषयी गेल्या साठ वर्षांत जे काही लिहिले गेले, त्यात मोटरची शक्ती, बॅटरीचे आयुष्य, चाकांचे रबर आणि शर्यतींचे निकाल यांचा हिशेब पै-पैने ठेवलेला आढळतो. परंतु ज्या वस्तूवर पाहणाराची दृष्टी प्रथम जाते, जिच्यावर मालकाच्या कित्येक रात्री खर्ची पडलेल्या असतात आणि अपघातात जी सर्वांआधी फुटते, त्या रंगीत बॉडीच्या संरक्षणाची जी एक स्वतंत्र विद्या ह्या छंदात हळूहळू तयार झाली, तिचे दप्तर मात्र कोणी नीट लावून ठेवलेले नाही. शर्यतीच्या मैदानालगत मांडलेल्या टेबलांवर आणि घरोघरच्या गॅरेजांत, आपल्या हातची वस्तू मोडली म्हणून हळहळणाऱ्या माणसांनी ही विद्या घडविली. कारखानदारांनी ती मागाहून उचलली. तिचा वृत्तांत सांगण्यासारखा आहे, असे मला मनापासून वाटते.

ह्या मोटारींचा व्यापार १९६०च्या दशकात सुरू झाला. इटलीतील रेज्जो एमिलिया ह्या नगरातील एल-जी नावाच्या कंपनीने १९६६च्या सुमारास फेरारी २५० एलएम ह्या मोटारीची बाराव्या हिश्शाची प्रतिकृती बाजारात आणली, तीच विक्रीस आलेली अशी पहिली मोटार होय, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडात लेस्टर येथे मार्डेव्ह आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात असोसिएटेड ह्या कंपन्या ह्या व्यवसायात उतरल्या. परंतु हा छंद शर्यतीच्या मोजक्या शौकिनांच्या हातून काढून सामान्य मध्यमवर्गीय घरात नेऊन बसविण्याचे श्रेय जपानातील शिझुओका येथील तामिया ह्या कंपनीलाच द्यावे लागेल. १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीपासून आरंभ झालेल्या ह्या घराण्याने १९६०च्या दशकात प्लास्टिकच्या प्रतिकृतींत नाव मिळविले. आणि शुन्साकू तामिया यांनी पोर्शच्या मोटारीची अचूक प्रतिकृती करता यावी म्हणून खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली, ही हकीकत त्या व्यवसायात सर्वश्रुत आहे. त्या अभ्यासाचे फळ म्हणून १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही त्यांची पहिली रेडिओवर चालणारी मोटार निघाली.

तामियाच्या ह्या मोटारींची बॉडी कडक प्लास्टिकची, म्हणजे पोलादी साच्यात दाबाने भरून काढलेली असे. दारांच्या कडा, आरसे, काचा पुसण्याच्या काड्या, सर्व काही त्या साच्यात स्पष्ट उमटे, आणि मूळ प्रतिकृती शोकेसमध्ये ठेवण्यासाठी घडविलेली असल्यामुळे तिचे सौंदर्य निःसंशय होते. परंतु चालणाऱ्या मोटारीच्या दृष्टीने तिच्यात दोन मोठी वैगुण्ये राहिली. पहिले असे की, रंग बाहेरून दिलेला, त्यामुळे प्रत्येक खडा, प्रत्येक कठडा आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी त्या रंगावर आपली खूण ठेवून जाई. दुसरे असे की, पॉलिस्टायरीन हा ह्या बॉडीचा पदार्थ ताठ असला तरी ठिसूळ. तो वाकण्याऐवजी तडकतो. १९७९ मध्ये तामियाने वाळूत धावण्यासाठी सँड स्कॉर्चर नावाची बीटलच्या आकाराची मोटार काढली, तेव्हा तर हे वैगुण्य फारच जाणवू लागले, कारण जी मोटार उड्या मारण्यासाठीच जन्मास आली, तिच्या अंगावर शोकेसमधला पोशाख चढविलेला होता. मालकांनी यथाशक्ति बंदोबस्त केला: रंगावर पारदर्शक लाखेचे दोन-तीन थर दिले, तडकलेल्या जागी आतून प्लास्टिकच्या पट्ट्या डकविल्या, कोणी काचतंतूंचे कापड एपॉक्सीत भिजवून छताखाली चिकटविले. त्या काळातील मूळ सँड स्कॉर्चरची अभंग बॉडी आज संग्राहकांना दुर्मिळ झाली आहे, आणि २०१० मध्ये कंपनीने तीच मोटार पुन्हा काढली तेव्हा अनेकांनी ती केवळ बॉडीसाठी घेतली, यात नवल नाही.

ह्या अडचणीचे उत्तर त्याआधीच दोन दूरदूरच्या प्रयोगशाळांतून निघून चुकले होते. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या उर्डिंगेन येथील प्रयोगशाळेत हेर्मान श्नेल यांना, आणि जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांना, एकमेकांचा मागमूस नसताना, पॉलिकार्बोनेट हा पदार्थ गवसला. फॉक्स हे तारांवर देण्याच्या विद्युत्‌रोधक लेपाच्या शोधात होते. त्यांच्या भांड्यातला द्रव घट्ट होत होत ढवळण्याच्या दांड्याभोवती असा गोठला की तो गोळा काही केल्या सुटेना आणि फुटेना. एकस्वाचा हक्क ज्याला मिळेल त्याने दुसऱ्याला परवाना द्यावा, असा दोन्ही कंपन्यांत समेट झाला. तो हक्क बायरला मिळाला, आणि पुढे बायरचे माक्रोलोन व जनरल इलेक्ट्रिकचे लेक्सन ही दोन नावे जगभर रूढ झाली. छंदवाल्यांच्या जगात मात्र लेक्सन हेच नाव टिकले. तक्ता कोणत्याही कारखान्याचा असो, शर्यतवाले त्याला लेक्सनच म्हणतात.

ह्या पदार्थाला मोटारींच्या अंगावर आणले ते अमेरिकेतील स्लॉट कारच्या शौकिनांनी. १९६०च्या दशकाच्या मध्यास त्या देशात खाचेतून धावणाऱ्या विजेच्या मोटारींच्या शर्यतींचे मोठे वेड पसरले होते, आणि वजन घटविण्यासाठी पातळ पारदर्शक तक्त्याच्या बॉड्या वापरण्याची रीत तेथेच पडली. तक्ता तापवून मऊ करावयाचा, साच्यावर पसरावयाचा आणि खालून हवा शोषून घेऊन तो साच्याच्या अंगाला चिकटवावयाचा, इतकीच ती कृती; पोलादी साच्याचा प्रचंड खर्च तीत नसल्यामुळे लहान कारागीरही तो धंदा करू शकला. रेडिओच्या मोटारी आल्या तेव्हा ही कृती आणि ती जाणणारी माणसे, दोन्ही तयारच होती. पाऊण ते एक मिलिमीटर जाडीच्या तक्त्यातून निघालेली ही बॉडी धडक बसली की आत दबते आणि लगेच मूळ आकारावर येते. कडक प्लास्टिकला हे कधीच साधले नसते.

पारदर्शकतेमुळे एक अपूर्व गोष्ट शक्य झाली, ती म्हणजे रंग आतल्या अंगाला देणे. आता घर्षण सोसावयाचे ते बाहेरच्या प्लास्टिकने, रंगाने नव्हे. प्लास्टिकवर ओरखडे उठले तरी त्याखालचा रंग जसाच्या तसा. संरक्षणाच्या ह्या सर्व इतिहासात याहून मोठी हिकमत मला दुसरी दिसत नाही, कारण येथे रक्षणासाठी वेगळे काही चढवावे लागले नाही, केवळ रंगाची बाजू पालटली. ही कल्पना मात्र प्लास्टिकहून पुष्कळ जुनी आहे. काचेच्या मागील बाजूने चित्र काढण्याची कला चीनच्या व्यापारामार्गे अठराव्या शतकात आपल्या देशात आली, आणि मराठ्यांच्या अंमलाखालील तंजावरातही ती रुजली. एकोणिसाव्या शतकातील तंजावरची काचचित्रे आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्या चित्रकाराला डोळ्यांतील बाहुली, दागिन्यातील मोती आणि वस्त्राची किनार आधी काढावी लागे, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. पॉलिकार्बोनेटची बॉडी रंगविणारालाही हाच उलटा क्रम पाळावा लागतो: आधी बारीक रेघा आणि नक्षी, मग मोठे पट्टे, अखेरीस अंगाचा मुख्य रंग, साधारणतः गडद आधी आणि फिका मागून, नाही तर गडदाची छाया फिक्यातून डोकावते. चमकत्या रंगांच्या पाठीशी पांढऱ्याचा किंवा चंदेरीचा थर दिला नाही तर ते उन्हात निस्तेज दिसतात.

संरक्षणाचा आरंभ रंगाच्या डब्यापूर्वीच होतो, हे जाणत्यांस ठाऊक असते. साच्यातून निघालेल्या बॉडीच्या आत तेलकटपणा असतो. तो कोमट पाण्याने आणि भांडी घासण्याच्या साबणाने धुतला नाही तर रंग धरत नाही, आणि न धरलेला रंग पहिल्या धडकेतच खपल्यांनी सुटतो. बाहेरच्या अंगाला कारखान्यातूनच एक पातळ पापुद्रा चिकटवून येतो; तो सर्व काम उरकेपर्यंत काढावयाचा नसतो, म्हणजे उडालेला रंग त्याच्यावरच राहून त्याच्याबरोबर निघून जातो. रंगही जातीचाच हवा. साध्या प्लास्टिकचा रंग कडक वाळतो आणि लवचिक बॉडी दबताच तडकतो. म्हणून तामियाने कडक प्लास्टिकसाठी टीएस आणि पॉलिकार्बोनेटसाठी पीएस असे दोन वेगळे फवारे ठेवले, आणि एकाच्या जागी दुसरा वापरणे म्हणजे केलेले कष्ट पाण्यात घालणे होय. इंधनावर चालणाऱ्या मोटारींत आणखी एक शत्रू असतो: मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण धुराड्यातून बॉडीच्या आतल्या बाजूलाच उडते, म्हणजे जेथे रंग लपून बसला आहे नेमके तेथे, त्यासाठी इंधनाला दाद न देणारे रंग निराळे करावे लागले.

१९८४ हे वर्ष ह्या वृत्तांतात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी असोसिएटेडची आरसी१० आणि तामियाची हॉर्नेट बाजारात आली, आणि मोटारी मोठ्या संख्येने सपाट डांबरावरून मातीच्या उड्डाणांवर गेल्या. आता बॉडीवर प्रसंग आला तो उलटे पडण्याचा. पॉलिकार्बोनेट अतिशय चिवट असले तरी त्याचे एक मर्म आहे: त्याला खाच सहन होत नाही. कात्रीने ओबडधोबड कापलेली कड, चाकावरच्या कमानीतला एखादा टोकदार कोपरा, बॉडी बसविण्याच्या खुंटीसाठी घाईने पाडलेले भोक, एवढ्याशा जागी सर्व ताण एकवटतो आणि तडा तेथून धावत सुटतो. शिवाय तक्ता साच्यावर ताणला जाताना बंपरचे कोपरे, चाकांच्या कमानी आणि छताच्या कडा येथेच तो सर्वांत पातळ होतो. म्हणजे मार जेथे अधिक तेथेच अंगात बळ कमी, असा हा मामला आहे. जुन्या शर्यतवाल्यांनी म्हणून दोन नियम घालून दिले. कापलेली प्रत्येक कड सँडपेपरने गुळगुळीत करावी. आणि तडा गेलाच तर त्याच्या टोकाशी बारीकसे गोल भोक पाडावे, म्हणजे ताण त्या गोलाईत पसरून तडा तेथेच थांबतो. विमानांच्या पत्र्यालाही हाच उपचार केला जातो.

आणि मग काचतंतूंची जाळी आली. तिचा पहिला प्रयोग कोणी केला याचा लेखी पुरावा नाही, आणि मला वाटते तो एकाच माणसाने केलाही नसेल. अमेरिकेतील घरांत जिप्समच्या तक्त्यांच्या भिंती उभारताना सांध्यांवर चिकटविण्याची काचतंतूंची जाळीदार पट्टी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळे. आणि झिजलेल्या बुटांचे तळवे भरून काढण्यासाठी निघालेला शू गू नावाचा रबरासारखा लवचिक सरस घराघरांत असे. ह्या दोन जिन्नसांचा ह्या छंदाशी अर्थाअर्थी काही संबंध नव्हता, परंतु आतून रंगविलेल्या बॉडीच्या पातळ कोपऱ्यांत पट्टी चिकटवून तिच्यावर सरसाचा पातळ थर बोटाने पसरला, तर काचतंतू ताण सोसतात आणि सरस धडक गिळतो, हे अनुभवाने कळले आणि हां हां म्हणता ती रूढी झाली. ताठ वाळणारा सरस येथे निरुपयोगी, कारण बॉडी दबली की तो उपटून निघतो. लवचिक सरसच बॉडीबरोबर वाकतो. रंग पुरता वाळलेला असावा, बोटाला पाणी लावून थर सपाट करावा, आणि रात्रभर मोकळ्या हवेत ठेवावे, कारण त्यातील द्रावक उग्र असतात आणि दाट थराखाली कोंडले गेले तर रंगाला पोखरतात. जाळी आधी आणि रंग मागून, अशी घाई कोणी केली तर ती जाळी बाहेरून कायमची दिसत राहते.

शर्यतीच्या क्षेत्रात ह्या रूढीला विरोधही झाला. जाळी आणि सरस यांचे वजन बॉडीच्या वरच्या भागात पडते, मोटारीचा गुरुत्वमध्य उंचावतो आणि वळणावर ती डोलते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून डांबरावर शर्यत करणारे अर्ध्या मिलिमीटरच्या बॉड्या घेऊन, त्या मोडणारच हे धरून चालतात. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर असेल. परंतु जो माणूस रात्री जागून नक्षी काढतो आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती नियंत्रक देतो, त्याच्या लेखी चार-दोन ग्रॅमांहून त्या नक्षीचे मोल अधिक आहे, आणि माझे मत त्याच्या बाजूने आहे. जपानात २०००च्या दशकात फोफावलेल्या ड्रिफ्टच्या, म्हणजे मोटार आडवी घसरवीत वळविण्याच्या, खेळातही बॉडीची शोभा हाच खेळाचा अर्धा भाग ठरला, आणि तेथे कमानींच्या कडांना आतून जाळी देणे सर्वमान्य झाले. कारखानदारांनीही अखेर हे ओळखले: आज छताला आतून प्लास्टिकचा सांगाडा बसविलेल्या जाड बॉड्या तयार मिळतात, आणि जाळी व सरस एकत्र घालून केलेले संचही विक्रीस असतात.

संग्राहक आणि वस्तुसंग्रह जपणारे लोक यांच्याकडे मात्र एक तक्रार केल्यावाचून राहवत नाही. ते न उघडलेले खोके जपतात, कोरी बॉडी जपतात. जाळी लावलेली, तडा बुजविलेली, खेळून जुनी झालेली बॉडी त्यांच्या लेखी भंगार असते. वास्तविक त्या खेळाचा अस्सल दस्तऐवज तीच आहे, कारण कोणता कोपरा वारंवार फुटे, कोणता सरस टिकला आणि कोणत्या क्रमाने रंग दिले, हे सर्व तिच्या आतल्या अंगावर वाचता येते. ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी जुनी बॉडी असेल त्यांनी ती टाकून देऊ नये. तिच्या आतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईने मोटारीचे नाव, रंगविल्याचे वर्ष आणि वापरलेल्या रंगाचे व सरसाचे नाव लिहावे, आणि ती उन्हापासून दूर, सपाट जागी, वर ओझे न ठेवता जपावी.