४८ मिनिटे आणि राजाबाईंचा मनोरा



मागच्या रविवारी नात माझ्याबरोबर शेजारच्या गुजराती बेनकडे आली होती. बेन कटासणे अंथरून सामायिकाला बसल्या होत्या, समोर वाळूचे घड्याळ ठेवलेले. आम्ही दारातूनच परत फिरलो. जिन्यात नातीने विचारले, "आजी, त्या काचेतली वाळू किती वेळाने संपते?"

म्हटले, "४८ मिनिटांनी."

"४८च का? ४५ का नाही? ५० का नाही?"

गेली चाळीस वर्षे मी सामायिक करते आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "शोधून सांगते," म्हणून वेळ मारून नेली आणि मग खरोखरच शोधायला बसले. तो शोध प्राचीन ग्रंथांपासून मुंबईच्या राजाबाई टॉवरपर्यंत गेला आणि शेवटी माझ्याच स्वयंपाकघरात येऊन थांबला. लेख थोडा मोठा झाला आहे, सवडीने वाचा.

आधी नातीचे उत्तर. आपल्याकडे दिवस आणि रात्र मिळून ३० मुहूर्त मानले आहेत. २४ तासांची मिनिटे होतात १४४०. त्यांना ३० ने भागले की ४८. म्हणजे एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि त्याच्या निम्मी ती घटिका, २४ मिनिटांची. घटिका मोजायला पूर्वी तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नघरी घटिकापात्राची पूजा तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिली असेल.

जैन आचार्यांनी मुहूर्त आणखी बारीक मोजला. ७ उच्छ्वासांचा एक स्तोक, ७ स्तोकांचा एक लव आणि ७७ लवांचा एक मुहूर्त. गुणाकार करून पाहा, ३७७३ येतात. कॉमर्सवाली असल्यामुळे मी लगेच ४८ ने भागले. मिनिटाला साधारण ७९ आले. आपला श्वास काही मिनिटाला ७९ वेळा चालत नाही, पण नाडीचे ठोके मात्र एवढ्यालाच जवळ असतात. मनगट धरून बसले आणि मोजले, तर माझे ७६ भरले!

मग सामायिकाला एकच मुहूर्त का? तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी ध्यानाची मर्यादा अंतर्मुहूर्त सांगितली आहे, म्हणजे मुहूर्ताच्या आतली. त्याहून जास्त वेळ मन एका विषयावर टिकत नाही. किती व्यवहारी माणसे होती बघा. माणसाला न झेपणारे त्यांनी मागितलेच नाही.

मला जास्त आवडले ते आचार्य समंतभद्रांचे रत्नकरंड श्रावकाचार. हा ग्रंथ मुनींसाठी नाही, घरसंसार करणाऱ्यांसाठी आहे. त्यात सामायिक हे श्रावकाच्या चार शिक्षाव्रतांपैकी एक आहे. शिक्षाव्रत म्हणजे सराव करायचे व्रत. त्यात वेळेची मर्यादा कशी ठरवायची हेही सांगितले आहे, आणि तिथे घड्याळ नाही की घटिकापात्रही नाही. केसांना गाठ मारायची, मूठ आवळायची, वस्त्राला गाठ बांधायची किंवा मांडी घालून बसायचे. ती गाठ सुटेपर्यंत, ती मांडी मोडेपर्यंतचा वेळ सामायिकाचा. तेवढ्या वेळात तो गृहस्थ वस्त्र पांघरलेल्या मुनीसारखा असतो, असेही आचार्य म्हणतात.

मी ते वाचून थोडा वेळ तशीच बसले. वेळ मिळाला की सामायिक, असे कुठेच म्हटलेले नाही. आधी गाठ बांधायची. मग तो वेळ तुमचा.

आता मुंबईकडे येते. मी १९८३ साली लग्न होऊन सांगलीहून मुंबईला आले. नव्या नवलाईच्या दिवसांत यांनी एकदा फोर्टात नेऊन राजाबाई टॉवर दाखवला. "आपल्याच एका जैन शेठने बांधून दिलाय," एवढेच हे म्हणाले. पुढची हकिकत मी खूप नंतर वाचली.

ते शेठ म्हणजे प्रेमचंद रायचंद. १८३१ साली सुरतेत जन्मले, मुंबईत कापसाचा आणि शेअरचा धंदा केला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद शेठ शहरातले सर्वांत मोठे नाव झाले. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी मोठी देणगी जाहीर केली. अट एकच होती, मनोऱ्याला आईचे नाव द्यायचे. राजाबाई.

पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कागदाच्या भावाने गेले. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद शेठनाही मोठा फटका बसला. पण आईच्या नावाचे काम थांबले नाही. १८६९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये मनोरा उभा राहिला, २८० फूट उंच. आराखडा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नव्हते, त्यांनी तो लंडनमध्ये बसून काढला.

राजाबाईंची गोष्ट अशी सांगतात. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हते. रात्रीभोजनाचा त्याग होता. ऊन उतरले का, दिवस मावळतीला आला का, हे त्यांना कोणाला तरी विचारावे लागे. मनोऱ्याच्या घंटेचे ठोके ऐकून त्यांना स्वतःचे स्वतः कळू लागले की आता जेवून घ्यायला हवे.

मैत्रिणींनो, या गोष्टीत मला मनोऱ्याची उंची महत्त्वाची वाटत नाही. घरातल्या एका म्हाताऱ्या बाईची जेवणाची वेळ चुकू नये, ही तिच्या मुलाला मोठी गोष्ट वाटली, हे महत्त्वाचे वाटते. बाकी सगळ्या शहराला त्या घड्याळावरून कचेरी आणि बाजार कळत होता. पण लोक जी गोष्ट सांगतात, त्यात ते वाजते ते एका आईच्या व्रतासाठी.

याच घड्याळावरून पुढे भांडणही झाले. तेव्हा मुंबईची वेळ सूर्यावर होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लावली. लोकांनी इतका विरोध केला की १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. त्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीतले हजारो कामगार या नव्या वेळेविरुद्ध रस्त्यावर उतरले. घड्याळात फक्त काटे पुढे गेले, पण गिरणीत जाणाऱ्याला ३९ मिनिटे आधी उठायचे होते. आणि तो उठायच्या आधी त्याची भाकरी थापणारी बाई उठणार होती. तिचे नाव कुठल्या बातमीत आले नाही. मुंबई महापालिकेने तर पुढे कित्येक दशके जुनी मुंबई वेळ सोडली नाही.

मला या इतिहासात एक गोष्ट दिसते. भोंगा, लोकल, शाळेची घंटा, ऑफिसचे पंचिंग, ही सगळी घड्याळे दुसऱ्याने लावलेली. घरातली बाई तिन्ही-चारही घड्याळांना पुरी पडत राहते. तिचे स्वतःचे घड्याळ मात्र कोणी लावून देत नाही.

सांगलीला माझ्या आईचे घड्याळ म्हणजे सोप्यातली पायरी होती. ऊन शेवटच्या पायरीवरून उतरले की ती ताटे मांडायची. दादा दुकानावर मुलगा बसवून घरी यायचे आणि आम्ही सगळे दिवेलागणीच्या आत जेवून उठायचो. मला वाटायचे जगात सगळे असेच जेवतात!

मुंबईत तसे नव्हते. माझ्या संसारात गॅस दिवसातून पाच वेळा पेटायचा. सकाळी यांचा डबा, मग मुलांचा, दुपारचे जेवण, संध्याकाळी सासूबाईंचे दिवस असतानाचे जेवण, आणि रात्री साडेनऊला लोकलने दमून आलेल्या यांचे. मुलांची शिकवणी सहाला असायची, म्हणून ती यांच्याबरोबर रात्री जेवायची. सासूबाई हिवाळ्यात पावणेसहाला एकट्या ताटावर बसायच्या. मुंबईत नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जुलैत सव्वासातच्याही पुढे जातो. त्या कॅलेंडरवर सूर्यास्त पाहून ठेवायच्या. मला कधी काही बोलल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "व्रत एकटीचं असतं गं, पण ताट एकटीचं नसावं."

मी ऐकले आणि कणीक मळत राहिले.

गेल्या वर्षी जुने फोटो बघत बसलो होतो. मुलगा सहज म्हणाला, "आई, मला लहानपणीची तू आठवतेस ना, ती तुझी पाठच आठवते. तू कायम ओट्याकडे तोंड करून उभी." तो हसत म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हते. मी पण हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. ज्या मुलासाठी दिवसभर उभी होते, त्याला माझा चेहरा दिसला नव्हता.

खोटे कशाला सांगू, थोडी सुधारणा मी तेव्हाही केली होती. मुलगा सातवीत गेला तेव्हा एका जुन्या वहीत मी आठवडाभर वेळेचा जमाखर्च मांडला. स्वयंपाक, धुणे, बाजार, पाहुणे, सगळे खर्चाच्या बाजूला. "मुले" या खात्यावर अभ्यास घेणे आणि रागावणे सोडून काही नव्हते. शिकवणीच्या बाईंना विनंती करून वेळ सातची करून घेतली आणि संध्याकाळचा स्वयंपाक एकदाच करायला लागले. सासूबाई, दोन्ही मुले आणि मी दिवस असताना एकत्र जेवू लागलो. यांचे ताट झाकून ठेवायचे. यांना आधी आवडले नाही, गरम पोळी नाही म्हणून आठ दिवस कुरकुर झाली. पुढे सवय झाली. जेवताना सासूबाई मुलांना कुंभोजच्या बाहुबलीच्या यात्रेच्या गोष्टी सांगायच्या. पण ती चारच वर्षे. मग सासूबाई गेल्या, मुलगा बारावीत गेला आणि ताटे पुन्हा पांगली. ती चार वर्षे आधी सुरू केली असती तर? हा हिशेब आता जुळायचा नाही.

हिशेबातला एक साधा नियम आम्हाला कॉलेजात शिकवला होता. खर्च भागवून उरेल ते शिल्लक टाकू म्हणणाऱ्याची शिल्लक कधी पडत नाही. आधी बाजूला काढावे लागते. वेळेचेही तेच आहे. समंतभद्रांची गाठ, राजाबाईंची घंटा, सासूबाईंचे कॅलेंडर, सगळ्यांत तीच गोष्ट आहे. महत्त्वाचे काम उरलेल्या वेळात होत नाही, त्याच्यासाठी आधी मर्यादा आखावी लागते.

आता माझी सून नोकरी करते. घरी यायला तिला साडेसात होतात. रोज दिवस असताना एकत्र जेवणे तिला शक्य नाही आणि मी त्यावरून तिला कधी बोलत नाही. माझ्या वेळी मी दिवसभर घरात होते, तरी मुलाला माझी पाठच दिसली. मग तिला कोणत्या तोंडाने बोलू? नातीला मात्र ४८ चे उत्तर द्यायचे होते. जेवणे झाल्यावर तिघींना बसवून ३० मुहूर्त, घटिका, केसांची गाठ, राजाबाई, सगळे सांगितले. सून ऐकत होती. म्हणाली, "अहो आई, रोज ४८ मिनिटं मला पण काढता येतील. फोन बाहेरच्या खोलीत ठेवून."

दुसऱ्या दिवसापासून सुरू आहे. आल्यावर ती हातपाय धुते, केसांचा अंबाडा घट्ट बांधते आणि लेकीजवळ खाली बसते. णमोकार होतो, मग गप्पा, कधी पत्ते, कधी नुसते लोळणे. ते काही शास्त्रोक्त सामायिक नाही, हे मला कळते. त्या वेळात ओट्याशी मी असते, आणि मला त्याचे काही वाटत नाही. काल एकदा तिचा फोन वाजला. ती उठायला लागली, तर नात म्हणाली, "आई, अंबाडा सुटलेला नाही अजून."

तुमच्या घरात अशी वेळ कोणती आहे, आणि ती कोणी कशी राखली, ते मला जरूर कळवा. तुमच्या आजी-सासूबाईंच्या आठवणी असतील तर त्याही लिहा, या गोष्टी नाहीतर कोण लिहिणार?

लिहिण्यात काही चुकले असेल, जिनवाणीच्या विरुद्ध काही गेले असेल, तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.