एका क्षेत्रातील अनेक कामकरी
(रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी)

पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मराठी वाचकाच्या नकाशावर बहुधा काठावर पडतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे मराठीभाषी तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. भूवैज्ञानिकाच्या नकाशावर मात्र सौसर काठावर नाही. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पसरलेल्या, मँगनीजने समृद्ध अशा प्राचीन खडकांच्या पट्ट्यास शास्त्रज्ञ 'सौसर समूह' म्हणूनच ओळखतात. या भूमीचे खडक प्रथम वाचू लागलेल्यांमध्ये एक ख्रिस्ती मिशनरी होता, आणि त्याने ते एकट्याने वाचले नाहीत. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ च्या आरंभी नागपुरास आले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते व सौसरचा मुलूख त्याच राज्यात मोडत असे. हे मिशन स्थापन होण्यास मुख्यतः कॅप्टन हिल या सैन्याधिकाऱ्याची देणगी कारणीभूत झाली. म्हणजे आरंभापासूनच या कार्यात दोन पेशांचे हात एकत्र आले होते. १८४६ साली हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा उघडली. १८८३ साली सुरू झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्यांचेच नाव धारण करते.

१८४७ साली रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाची ओढ होती. १८५१ साली नागपूरलगतच्या टाकळीच्या परिसरात त्यांना गोड्या पाण्यातील शंखाचे अश्म सापडले आणि तेथून शोधाची मालिका सुरू झाली. १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात नागपूर परिसराच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हिस्लॉप यांनी छिंदवाड्याच्या बाजूस असलेल्या उमरेठच्या कोळशाच्या थरांवर लिहिले. त्या थरांचे नाते एकीकडे नागपूरच्या वनस्पती-अवशेषांशी आणि दुसरीकडे बंगालमधील बर्दवानच्या थरांशी कसे जुळते, हा त्या लेखाचा विषय होता.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. शाळा, उपदेश आणि भाषाभ्यास एवढा भार असताना हे काम पार कसे पडले? उत्तर हे की हिस्लॉप यांनी आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखली होती, आणि जेथे ती संपे तेथे ते दुसऱ्याचे दार ठोठावीत. कामठीच्या छावणीतील लेफ्टनंट सँकी हे लष्करी अभियंते होते आणि डॉ. जर्डन हे शल्यवैद्य असून पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. या परिसरातील वनस्पती-अवशेषांच्या शोधात दोघांचाही वाटा आहे. मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला रिचर्ड ओवेन यांच्या हाती गेली व १८५५ साली त्यांनी तिचे वर्णन केले. १८६० च्या निबंधात शंखांचे वर्णन हिस्लॉप यांनी स्वतः लिहिले, पण कीटकांचे अँड्र्यू मरे यांच्यावर सोपविले, आणि सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवर रूपर्ट जोन्स यांनी टिपण जोडले. पुढील वर्षी चार्ल्स बनबरी यांनी वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. जे आपणांस येते ते आपण करावे व जे येत नाही ते जाणकाराच्या हाती द्यावे, अशी ही साधी शिस्त होती. साधी असली तरी ती सोपी नव्हे. स्वतः शोधलेली वस्तू दुसऱ्याच्या लेखणीच्या स्वाधीन करण्यास एक प्रकारचा आत्मत्याग लागतो.

अशा सहकार्यात वेतन नव्हते. ऋण फेडण्याची रीत एकच होती. ती म्हणजे नाव देणे. मुंबईचे शल्यवैद्य हेन्री कार्टर यांनी १८५८ साली गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्यास 'हिस्लोपिया' हे नाव दिले. एका खनिजासही हिस्लॉप यांचे नाव मिळाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिक फर्मोर यांनी सौसर भागातील मँगनीजचा कसून अभ्यास केला. १९०९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका खडकास गोंड लोकांवरून 'गोंडाइट' म्हटले व एका खनिजास सीतापार या गावावरून नाव दिले. त्यानंतर लखनौचे वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी एका अश्मीभूत बीजाचे नाव 'सौसरोस्पर्मम फर्मोरी' असे ठेवले. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेल्या त्या दोन शब्दांत तालुका आहे आणि भूवैज्ञानिकही आहे.

परंतु या नामावलीत कोण नाही, हेही पाहिले पाहिजे. हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा, त्यांच्या चालीरीती व त्यांचे लिंगो देवाचे दीर्घ गीत यांची टिपणे केली होती. ते गीत एका परधान गायकाच्या मुखातून उतरले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांच्या दौऱ्यात बोरीजवळील टाकळघाटची शिलावर्तुळे पाहावयास गेले. परतीच्या वाटेवर एका शाळेची परीक्षा घेण्यासाठी ते मागे थांबले. सायंकाळी एकटेच घोड्यावरून निघाले असता पूर आलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. त्यांचा घोडा तेवढा मुक्कामावर पोहोचला. त्यांची अपुरी टिपणे टेम्पल यांनी संपादित करून १८६६ साली छापविली. एका धर्मसेवकाचे राहिलेले काम एका प्रशासकाने पूर्ण केले, ही कृतज्ञतेने नोंदण्याजोगी गोष्ट आहे.

तथापि, त्या ग्रंथामुळे हिस्लॉप आणि टेम्पल ही दोन नावे टिकली. परधान गायकाचे नाव कोणाच्या ओठी राहिले नाही. वस्तुतः तोही एका पेशाचा मनुष्य होता. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक, वंशावळी व देवकथा मुखोद्गत ठेवणारे. त्याची विद्या पाठांतराची होती, छापण्याची नव्हती, एवढाच काय तो फरक. शिवाय ज्या सत्तेने भोसल्यांचे राज्य खालसा केले, तिच्याच अधिकाऱ्याच्या हातून ते गीत छापून निघाले. त्यामुळे गायकास या व्यवहारात बरोबरीचे स्थान होते, असे म्हणणे कठीण आहे. हिस्लॉप यांच्याविषयीचा आमचा आदर हे मान्य केल्याने उणा होत नाही.

मिशनच्या इतिहासावर लिहिताना दगडांत घालविलेला वेळ सुवार्तेतून वजा झाला काय, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो. आम्हांस तो हिशेब चुकीचा वाटतो. पौलाने मंडळीस शरीराची उपमा दिली, तेव्हा प्रत्येक अवयवाने दुसऱ्याची गरज मान्य करावी आणि दुर्बल वाटणाऱ्या अवयवाचा मान अधिक राखावा, असे दोन्ही आग्रह तीत होते. पहिला आग्रह हिस्लॉप यांनी आपल्या अभ्यासात पाळला; ओवेन, मरे व बनबरी यांची गरज त्यांनी संकोचाशिवाय मान्य केली. दुसरा आग्रह त्यांच्या काळाने पुरा केला नाही.

आजच्या पाळकास डॉक्टर, शिक्षक, अभियंता, कृषितज्ज्ञ अशा सर्वांबरोबर काम करावे लागते. अशा वेळी आपल्या अधिकाराची सीमा कोठे संपते हे तो जाणतो काय, आणि अहवाल लिहिताना दाई, सालदार, गीत सांगणारी म्हातारी यांची नावे त्यांच्या संमतीने त्यात येतात काय, हे दोन प्रश्न त्याने स्वतःस विचारावेत. सौसरच्या खडकांना नावे मिळाली आहेत. ज्यांनी त्या खडकांमधून वाट दाखविली, सामान वाहिले आणि गीते सांगितली, त्यांचे ऋण अद्याप आपल्या खात्यावर बाकी आहे.