हातातला आकडा

श्रोतेहो, संगणक म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे काच उभी राहते. काचेवर अक्षरे उमटतात, बोट लावले की चित्र हलते. म्हसळ्याच्या बाजारात वाणसामान घ्यायला जा, पैसे चुकते होतात तेही मोबाइलच्या काचेवर. पण आकडा काचेवर जाऊन बसला तो अगदी काल-परवा. त्याआधी हजारो वर्षे तो माणसाच्या हातात होता. आणि गंमत अशी, की जगातले काही जाणते संशोधक गेली तीस-पस्तीस वर्षे त्याला पुन्हा हातात आणण्याच्या खटपटीला लागले आहेत. त्या खटपटीची हकीगत, आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या आपल्याच किनाऱ्यावरच्या एका अंगणाची हकीगत, आज ऐका.

आधी खळ्यावर येऊ. पायलीने धान्य मापणारा जुना माणूस पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘लाभ’, मग दोन, मग तीन. मोजता मोजता चूक होऊ नये म्हणून ठरावीक मापे झाली की बाजूला एक खडा ठेवायचा. शेवटी खडे मोजले की झाला हिशेब! पाटी नाही, लेखणी नाही. त्या खड्याने आकडा सांभाळून ठेवला. जपानात याच युक्तीला मण्यांच्या चौकटीचे रूप आले. तिला तिथे ‘सोरोबान’ म्हणतात. मणी सरकवणे हीच आकडेमोड, आणि मणी जिथे थांबले तेच उत्तर. विचारायचे एकीकडे आणि पाहायचे दुसरीकडे, असा प्रकार तिथे नाही.

पुढे विजेवर चालणारी गणकयंत्रे आली. त्यांचा वेग अफाट, पण त्यांच्याशी बोलायचे तर कळफलक आणि पडदा हवा. म्हणजे अक्षरओळख हवी, नजर हवी. ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही, तो दाराबाहेरच राहिला.

1992 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डरेल बिशप नावाच्या विद्यार्थ्याने एक नमुना मांडला. दूरध्वनीवर कुणी निरोप ठेवला की यंत्रातून एक गोटी बाहेर यायची. ती गोटी यंत्रावरच्या खळग्यात ठेवली की निरोप ऐकू यायचा. दूरध्वनीवर ठेवली की निरोप ठेवणाऱ्याला उलट फोन लागायचा. किती गोट्या आल्या, तितके निरोप! मग 1997 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी या विचाराला ‘टँजिबल बिट्स’ असे नाव दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर, हाताला लागणारी माहिती. संगणकातली माहिती हातात धरता यावी, उचलून ठेवता यावी, हा त्यांचा ध्यास. आणि दाखला म्हणून पुढे त्यांनी कशाकडे बोट दाखवले? त्याच जुन्या मण्यांच्या चौकटीकडे.

लगेच 1998 मध्ये त्याच संस्थेतल्या मिचेल रेस्निक आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या ठोकळ्यांत, मण्यांत, चेंडूंत चिमुकले संगणक बसवले. त्यांनी उघडच सांगितले, की ही वाट जर्मनीच्या फ्रोबेलची आणि इटलीच्या माँटेसरीबाईंची. फ्रोबेलने 1837 मध्ये मुलांच्या हाती लाकडी ठोकळे दिले. माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत एक म्हणजे एक मणी, दहा म्हणजे दहा मण्यांची कांडी, शंभर म्हणजे चौकोन आणि हजार म्हणजे मण्यांचा घन. हजार म्हणजे केवढे, ते मुलाच्या मनगटाला कळते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, याच झाडाची एक फांदी आपल्या किनाऱ्यावर रुजली आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. माँटेसरीची विकतची साधने खेड्याला कुठली परवडायची? या बायांनी शिंपले, बिया, खडे, पाने गोळा केली आणि त्यांवर मुलांना मोजायला शिकवले. मूल शाळेत येईना, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि 1975 मध्ये भारत सरकारच्या बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत मोठा पडदा आला, मग चिंचोके टाकून द्यायचे का? जरा विचार करा. पडद्यावर बोट लावून मूल सात आणि पाच बारा करून दाखवील. पण बारातल्या दहांची जुडी बांधून वर दोन उरतात, हे त्याने हाताने केले आहे का? चिंचोक्यांना मर्यादा आहेच. लाखाचा हिशेब त्यांनी होणार नाही; तिथे अंक आणि यंत्रच हवे. पण लाखाची वाट दहाच्या जुडीवरून जाते. आणि वर्गात एखादे मूल डोळ्यांनी अधू असेल, तर त्याला पडदा कोराच; शिंपला मात्र त्याचाही असतो.

म्हसळ्याच्या आसपास या साधनांना तोटा नाही. काजूच्या बिया आहेत, खाडीकाठचे शिंपले आहेत, मुलींच्या खेळातले सागरगोटे आहेत. उद्याच्या तासाला पडदा लावण्याआधी पंधरा मिनिटे त्यांतले काहीतरी मुलांच्या ओंजळीत द्या. दहा-दहाच्या जुड्या त्यांनाच बांधू द्या. कोण कुठे अडतो, ते तुम्हाला तिथल्या तिथे दिसेल.